शुक्रवार सुटला

चार वर्षं माझा शुक्रवार ठरलेला होता.
साडेसातला मांडीत सुई, नऊला तापाची गोळी,
अकराला दात वाजायला लागायचे.
चोपड्याचा मे महिना,
गल्ली सगळी गच्चीवर ओल्या चादरी घेऊन पडलेली
आणि मी आत, दोन गोधड्यांखाली.
हिरामण पायाशी बसून राहायचा.
बोलायचा नाही.
माझ्यासाठी पंखा बंद, तो घामानं निथळत.
शनिवारी डेपोत रजा.
माइकवर माझ्याऐवजी सोनवणे,
शिरपूरच्या गाडीला शहादा म्हणायचे.

मग रक्ताचा कागद आला.
यकृत कुरकुरतंय, जळगावचे डॉक्टर म्हणाले,
पांढऱ्या पेशीही उतरल्यात, औषध बदलू.
मला वाटलं, इकडचा पूल बंद तर तिकडून फेरा.
पोहोचू ना पण तिथंच?
ते म्हणाले, पोहोचायचं नाहीये, ताई.
जिथं आहात तिथं थांबायचंय.

नवी सुई लहान. आठवड्यातून तीनदा, कातडीखाली.
पोट, मांडी, दंड, कंबर,
टोचलेल्या जागी इतक्यात पुन्हा नाही.
कॅलेंडरच्या पाठीवर मी एक बाई काढली, बिनचेहऱ्याची,
आणि टोचलं तिथं टिकली लावत गेले.
सासूबाई बघून म्हणाल्या,
"हाई कोनती देवी शे वं?"

जुन्या औषधाचे लाड फार.
बर्फातून यायचं, बर्फासारखं राहायचं,
वीज गेली की पिशवी घेऊन मी
आइस्क्रीमवाल्या लोटनच्या दारात.
नवं जरा समजूतदार,
महिनाभर फ्रीजबाहेर चालतं, तीस अंशांच्या आत.
तीस!
इथं पहाटे चारला भिंतीला हात लावून बघा.
म्हणून इच्छाराम गुजरांच्या केळीच्या चेंबरमध्ये
फण्यांच्या क्रेटमागे माझा डबा.
केळी हिरवी जातात, पिवळी निघतात,
माझ्या सुया तशाच.
वॉचमन दर खेपेला विचारतो, इन्शुलिन का?
हो म्हणते.
त्याला ते नाव येतं.

गाठी येतात. वाटाण्याएवढ्या, खाजऱ्या,
निऱ्या खोचते नेमक्या तिथं.
मांडीला एक खळगा पडलाय,
बोट ठेवलं की बरोबर बसतं.

एका बुधवारी सुई काढली
आणि छातीवर कुणी पोतं टाकलं.
चेहरा पेटला, श्वास आखूड.
डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं: एखाद्या वेळी होईल,
आपलं आपण जाईल. नाही गेलं तर धावायचं.
प्रणव मोबाइलवर मिनिटं मोजत होता.
अकरा. बारा.
तेराव्या मिनिटाला मला ट्यूबलाइटमागची पाल दिसली,
म्हणजे मी परत आले होते.
फोन केला.
म्हणाले, पुढची घ्या, पण एकटीनं नको.

आता ताप नाही. यकृत गप्प.
दुपारी डावा पाय ओल्या सुंभासारखा होतो, तो होतोच.
उन्हानं की आजारानं,
मी विचारायचं सोडलंय.

फक्त शुक्रवारी रात्री अकराला जाग येते.
हिरामण गच्चीवर घोरत असतो,
चार वर्षांची थकबाकी.
वाटतं, जावं, हलवावं,
खोटंच सांगावं, थंडी वाजतेय रे.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलेही एकदा.

चेंबरमधली गार सुई तशीच टोचली तर आग होते.
आधी वीस मिनिटं ऊब द्यावी लागते.
बाहेर पंचेचाळीस, ओटा तापलेला,
तिथं ठेवायची सोय नाही.
प्रणव डाव्या मुठीत ती धरून बसतो,
उजव्या हातानं गणितं.
"झाली का रे कोमट?"
"थांब ना,
अजून दोन उदाहरणं."